विद्यापीठ परिसरात रस्ता ओलांडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातला सायबर चौक, राजाराम कॉलेज, शिवाजी विद्यापीठाची गेटं आणि पुढं शाहू नाक्याकडं जाणारा रस्ता, एवढ्या पट्ट्यातले विद्यार्थी, पालक, दुकानदार आणि रोज फिरायला येणारी ज्येष्ठ मंडळी जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथं एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे पुढं. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडं पुन्हा लिहिलेली नाही, तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. झेब्रा पट्ट्यांवर आधी जायचा हक्क कुणाचा? आमचा की गाडीवाल्याचा?

सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर हक्क पादचाऱ्याचा. २०१७ च्या मोटार वाहन (चालन) विनियमांनुसार अशा ठिकाणी चालकानं वेग कमी करायचा आणि माणूस ओलांडत असेल तर थांबून वाट द्यायची. सिग्नल असेल तिथं दिवा सांगेल तसं. पट्ट्यांवर गाडी उभी करणं हा वेगळा गुन्हा आहे, मग ती दोन मिनिटांसाठी का असेना. लाल दिवा तोडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्याचा गुन्हा लागू शकतो.

फूटपाथबद्दलही आता शंका उरलेली नाही. अडथळा नसलेला आणि अपंगांना वापरता येईल असा फूटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये म्हटलं आहे.

२. पट्टे आहेत, कायदा आहे, तरी कुणी थांबत का नाही?

कारण रस्ताच त्याला थांबायला सांगत नाही. दुभाजक असलेला, सरळ, गुळगुळीत, चौपदरी रस्ता दिसला की मनगट आपोआप पिळलं जातं. आणि वेग एकदा वाढला की मनात असूनही थांबता येत नाही. आपल्याकडच्या रस्ते मानकांत थांबायला लागणारं अंतर ताशी ३० कि.मी.ला ३० मीटर धरतात, ४० ला ४५ मीटर आणि ६० ला ८० मीटर. म्हणजे साठनं येणाऱ्याला तुम्ही पन्नास मीटरवरून दिसलात, तर त्यानं ब्रेक दाबूनही उपयोग नाही.

आता हेच पादचाऱ्याच्या बाजूनं पाहा. एका बाजूचे दोन पदर म्हणजे साधारण ७ मीटर. बेताच्या चालीनं, सेकंदाला १.२ मीटर धरलं तर ६ सेकंद. निघू की नको हे ठरवायला आणखी दोन. या ८ सेकंदांत ताशी ४० नं येणारी गाडी जवळपास ९० मीटर पुढं येते. त्यामुळं ओलांडणाऱ्याला निदान ९० मीटरपर्यंतचा रस्ता स्वच्छ दिसायला हवा. पट्ट्यांच्या अलीकडं एक रिक्षा आणि एक चारचाकी उभी असली की ही दृष्टी वीस-पंचवीस मीटरवर येते. बहुतेक वेळा खोट पट्ट्यांत नसते, पट्ट्यांच्या आजूबाजूला असते.

एका दिशेला दोन पदर असलेल्या रस्त्यावरचा एक सापळा सगळ्यांनी ओळखून ठेवावा. कडेच्या पदरातली केएमटी (महापालिकेची) बस सौजन्यानं थांबते, तुम्ही तिच्यासमोरून पुढं सरता आणि बसच्या आडून आतल्या पदरातली मोटारसायकल सुसाट येते. तिला तुम्ही दिसत नाही, तुम्हाला ती दिसत नाही. म्हणून थांबलेल्या गाडीच्या कडेपर्यंत आलात की थबकायचं, वाकून पाहायचं आणि मगच पुढचं पाऊल. आखणी करणाऱ्यांसाठी याच सापळ्यावर उपाय आहे: थांबरेषा पट्ट्यांना चिकटून न मारता चांगली चार-पाच मीटर अलीकडं मारायची, म्हणजे थांबलेल्या गाडीच्या पुढून दोघांनाही दिसतं.

३. तक्रार कुणाकडं करायची? जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो.

आधी रस्त्याचा मालक शोधा. अर्ज फिरत राहतात त्याचं मोठं कारण हेच. कोल्हापूर महापालिकेची हद्द आजवर ६६.८२ चौ. कि.मी. धरली जाते आणि हद्दवाढीचा वाद किती जुना आहे हे इथं कुणाला सांगायला नको. विद्यापीठाचा परिसर शहराच्या कडेला आहे, पलीकडं सरनोबतवाडी, उजळाईवाडी लागतात. त्यामुळं एकाच रस्त्यावर चालता चालता मालक बदलतो.

हद्दीच्या आत महापालिकेचा शहर अभियंता विभाग. अर्ज राजारामपुरीच्या विभागीय कार्यालयात दिला तरी चालतो, फक्त आवक क्रमांक घ्या. हद्दीबाहेर राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद, आतले रस्ते ग्रामपंचायत. २०१७ साली ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं, पण त्याचं मुख्य काम नियोजन आणि बांधकाम परवानग्यांचं; पट्टे मारून मागायला तिकडं जाऊ नका. पुणे-बेंगळुरू महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडं (प्रश्न १८ पाहा).

सिग्नलची वेळ, नो पार्किंग, एकेरी वाहतूक हे विषय शहर वाहतूक शाखेशी निगडित आहेत. बोर्ड आणि रंग महापालिकेचा, अंमल पोलिसांचा. म्हणून अर्जाची प्रत दोघांनाही द्यावी.

४. रस्ता टोलवाल्या कंपनीनं केला होता. दुरुस्ती त्यांनीच करायची ना?

नाही. टोलविरोधी आंदोलनानंतर २०१५ च्या अखेरीस टोल बंद करण्याची घोषणा झाली, त्यानंतर शहरातल्या त्या रस्त्यांची जबाबदारी महापालिकेची. अर्ज प्रश्न ३ प्रमाणेच करा.

५. आमच्या गेटसमोर क्रॉसिंग द्या म्हटलं तर ‘निकषात बसत नाही’ असं उत्तर येतं. निकष काय आहे?

इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी:१०३ हे मानक पादचारी सुविधांचं आहे. दोन चौकांच्या मधे, सिग्नल किंवा तत्सम नियंत्रण असलेलं क्रॉसिंग द्यायचं का, हे ठरवायला त्यात एक गणित सांगतात: गर्दीच्या तासात ओलांडणारी माणसं गुणिले त्याच तासातल्या वाहनांचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा आकडा १० कोटींच्या वर आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर २० कोटींच्या वर गेला की क्रॉसिंग समर्थनीय ठरतं.

उदाहरणार्थ, तासाला २५० माणसं आणि ९०० वाहनं. ९०० चा वर्ग ८ लाख १० हजार, गुणिले २५० म्हणजे २० कोटी २५ लाख. दुभाजकाच्या रस्त्यावरही निकषात बसलं. वाहनांचा वर्ग होतो हे लक्षात घ्या: वाहनं दुप्पट झाली की आकडा चौपट होतो.

पण हे गणित एकटं नाही. गाड्यांचा वेग ताशी ६५ च्या वर असेल, ओलांडायला अवाजवी वाट पाहावी लागत असेल किंवा वर्षात पाच किंवा त्याहून जास्त पादचारी जखमी झाले असतील, तर यातली एक बाबही पुरते. ‘आकडा बसत नाही’ एवढंच उत्तर आलं तर बाकीचे तीन मुद्दे तपासले का, असं लेखी विचारा. शिवाय हे निकष नियंत्रित क्रॉसिंगसाठी आहेत. नुसते पट्टे, फलक आणि वेग कमी करणारी रचना द्यायला कुणाचा हात धरलेला नाही.

या गणितात एक मूळची खोट आहे. रस्ता इतका भीतिदायक असेल की माणसं रिक्षा करून पलीकडं जातात, तर ती माणसं मोजणीत येतच नाहीत. रस्ता जितका वाईट तितकी क्रॉसिंगची ‘गरज’ कमी दिसते. विद्यापीठाच्या गेटांसमोर हे हमखास घडतं, कारण विद्यार्थ्यांकडं दुचाकी हा पर्याय असतो.

६. मोजणी आम्ही स्वतः केली तर चालेल का? कशी करायची?

चालेल, आणि नीट केलेली मोजणी अर्जाला वजन देते. चौघं पुरेत: दोघं वाहनांना (प्रत्येक दिशेला एक), एक माणसांना, एक वेळेला.

मागणीच्या ठिकाणापासून दोन्ही बाजूंना ५० मीटर मोजून खडूनं खुणा करा. या १०० मीटरमध्ये कुठूनही ओलांडणारा माणूस मोजायचा. सकाळी १० ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ६ हे तास घ्या, १५ मिनिटांचे चार रकाने पाडा. मंगळवार-बुधवारसारखा साधा दिवस हवा. परीक्षा, बंद, सुट्टी आणि लग्नसराईतली मोठी तीथ नको. वाहनांत दुचाकी, चारचाकी, बस-ट्रक वेगळे लिहा. वय झालेले आणि लहान मूल बरोबर असलेले वेगळे लिहा.

वेळेवाल्याचं काम सगळ्यांत महत्त्वाचं. वीसेक माणसांची, कडेला थांबल्यापासून पाऊल टाकेपर्यंतची सेकंदं मोजायची. अर्ध्या मिनिटाच्या पुढं माणसं ताटकळली की धीर सुटतो आणि मिळेल त्या फटीतून घुसतात. तुमच्या कागदावर हे दिसलं की ‘अवाजवी वाट’ सिद्ध झाली. आणखी एक करा: रस्त्याचा साधा नकाशा काढून प्रत्येक माणूस जिथून ओलांडला तिथं टिंब द्या. टिंबांचा दाट पुंजका जिथं पडेल, क्रॉसिंग तिथंच हवं. तो पुंजका क्वचितच गेटच्या बरोबर समोर येतो. चहाचा गाडा, झेरॉक्सचं दुकान किंवा बसथांबा यांच्या बाजूला तो सरकलेला असतो.

७. पट्टे किती रुंद, किती लांब असायला हवेत?

प्रत्येक पट्टा ५० सें.मी. रुंद, मधलं अंतरही ५० सें.मी. माणसांना चालायला मिळणारी रुंदी २ ते ४ मीटर. कॉलेजच्या दारात ४ च मागा, कारण तास सुटला की घोळका निघतो. पट्टे वाहनांच्या दिशेला समांतर असतात. दोन्ही टोकांना कर्ब (फूटपाथची दगडी कड) उतरता हवा आणि टोकाशी फूटपाथ हवा. पट्टे गटारीच्या झाकणावर, विजेच्या डीपीवर किंवा दुभाजकाच्या झाडीत संपत असतील तर ते क्रॉसिंग नव्हे, रंगकाम आहे. फूटपाथची चालण्याजोगी मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कर्बची उंची १५ सें.मी.पेक्षा जास्त नको.

८. दिवाळीला मारलेला रंग होळीपर्यंत दिसत नाही. काय चुकतं?

साधा रंग मारला असेल तर तो तेवढाच टिकतो, विशेषतः बस आणि डंपरची चाकं रोज घासतात तिथं. टिकाऊ काम थर्मोप्लास्टिकचं: मिश्रण १८० अंशांच्या आसपास तापवून किमान २.५ मि.मी. जाडीचा थर ओतायचा आणि तो गरम असतानाच वरून काचेचे बारीक मणी टाकायचे, चौरस मीटरला सुमारे २५० ग्रॅम. रात्री हेडलाइट पडल्यावर पट्टा चमकतो तो या मण्यांमुळं.

बिघडतं ते असं. रस्ता न झाडता धुळीवरच थर ओतला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. ओलसर डांबरावर तर धरतच नाही. मिश्रण जास्त तापवलं तर पिवळं पडतं. मणी थर थंड झाल्यावर टाकले तर पहिल्याच सरीत गटारीत जातात. आणि सगळ्यांत नेहमीचं म्हणजे जाडीत मारलेली काटछाट. तपासणी सोपी आहे: काम चालू असताना पत्र्याचा तुकडा आडवा ठेवायचा, त्यावरही थर येऊ द्यायचा आणि थंड झाल्यावर जाडी मोजायची. कोल्हापूरचा पाऊस पाहता काम दसरा-दिवाळीनंतर आणि वळवाच्या आधी व्हायला हवं. मे अखेरीस घाईघाईत मारलेले पट्टे जूनमध्ये चिखलाखाली असतात.

दुसरं कारण म्हणजे खुदाई. पट्टे मारल्यावर महिन्याभरात पाण्याची लाइन किंवा केबल टाकायला रस्ता उकरतात आणि चर बुजवतात, पट्टे बुजतात ते बुजतातच. खुदाईच्या परवानगीत ‘आखणीसह पूर्ववत करणे’ ही अट आहे का, ते विचारावं.

९. सरळ स्पीड ब्रेकर टाका ना! एवढं गणित कशाला?

ब्रेकर योग्य मापाचा असेल तर उपयोगाचा. मानक माप आहे ३.७ मीटर लांब, मधोमध १० सें.मी. उंच, म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. त्यावरून ताशी २५ नं आरामात जाता येतं, त्याहून वेगात गेलं तर दणका बसतो. गल्लीबोळात रातोरात उगवणारे ब्रेकर हातभर लांब आणि वीतभर उंच असतात. त्यावरून रुग्णवाहिका जाताना आतल्या माणसाचे हाल होतात, दुचाकीवर मागं बसलेली बाई उडते, आणि गाडीवाले कडेच्या फटीतून, म्हणजे नेमकं पादचाऱ्यांच्या अंगावरून गाडी काढतात. नट-बोल्टनं ठोकलेल्या रबरी पट्ट्यांचे तुकडे निघाले की मागं उरतात ते बोल्ट, आणि टायर फुटतात.

ब्रेकरच्या ४० मीटर अलीकडं सूचनाफलक आणि वर रंगाचे पट्टे हवेतच. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गावर ब्रेकर सहसा देत नाहीत. आणि ब्रेकर पट्ट्यांपासून दूर टाकला तर गाडी तो ओलांडून पुन्हा वेग घेते. यापेक्षा प्रश्न १० मधला उपाय कधीही सरस.

१०. ‘उंच क्रॉसिंग’ म्हणजे काय? आपल्याकडं जमेल का?

झेब्रा पट्टेच फूटपाथच्या उंचीवर, साधारण १५ सें.मी. वर उचलायचे. माथा सपाट, निदान पट्ट्यांच्या रुंदीएवढा. दोन्ही बाजूंना गाड्यांसाठी उतार. म्हणजे माणूस रस्त्यावर उतरत नाही, गाडीच फूटपाथवर चढते. थांबायचं कुणी हा वाद तिथं रचनाच मिटवते. गेटसमोरच्या जागेसाठी एकच उपाय निवडायचा असेल तर आमची निवड ही.

बसमार्गावर उतार लांबट ठेवावा लागतो. १५ सें.मी. उंचीला सव्वादोन मीटरच्या आसपास उतार दिला तर केएमटीचा तळ घासत नाही. उतार वितेवर उरकला तर चालक आठवड्याभरात तक्रार करतात आणि महिन्याभरात क्रॉसिंग उखडलं जातं.

कोल्हापुरात खरी परीक्षा पाण्याची. सागरमाळ, विद्यापीठ हा भाग चढ-उताराचा. रस्त्यावर आडवा उंचवटा आला की चढाच्या बाजूला पाणी तुंबतं, आणि नेमकं तिथंच माणसं थांबलेली असतात. म्हणून दोन्ही कडांना, फूटपाथ आणि उंचवट्याच्या मधे, जाळीदार झाकणाचा नाला किंवा पाइप ठेवायलाच हवा, जाळीची फट अशी की सायकलचं चाक किंवा काठीचं टोक अडकणार नाही. माथ्याला पेव्हर ब्लॉक वापरले तर जड गाड्यांच्या ब्रेकनं ते हलतात, एक निघाला की पाठोपाठ सगळे. काँक्रीट बरं.

११. पादचारी पूल बांधला तर प्रश्नच मिटेल, नाही का?

कागदावर मिटतो. रस्त्याच्या वर गाड्यांसाठी साडेपाच मीटर मोकळी उंची सोडावी लागते. पायरी १५ सें.मी.ची धरली तर नुसत्या उंचीलाच ३७ पायऱ्या, वर पुलाच्या तुळईची जाडी. म्हणजे चाळीसेक पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या, तेही १४-१५ मीटरचा रस्ता पार करायला. व्हीलचेअरसाठी एकास बारा उतार ठेवला तर प्रत्येक बाजूला सत्तर मीटरहून लांब रॅम्प. लिफ्ट लावली तर तिची देखभाल कुणी करायची हा प्रश्न पहिल्या वर्षीच उभा राहतो. पुलाचे पाय मात्र फूटपाथवरच येतात.

महामार्ग आणि रेल्वेवर पूल किंवा भुयारी मार्ग लागतोच. पण ज्या रस्त्यावर गाड्यांचा वेग उतरवणं शक्य आहे, तिथं माणसाला वर चढवायचं म्हणजे रस्ता गाड्यांच्या नावे करून दिल्यासारखं आहे. वर जाहिरातीचे फलक झळकतात आणि खालून माणसं दुभाजकावरून उड्या मारत असतात.

१२. दुभाजकातली फट बंद केली, आता लोक त्यावर चढून जातात. जाळी लावायची का?

फट बंद करताना जवळचं क्रॉसिंग किती लांब आहे ते पाहायचं राहून जातं. शंभर-दीडशे मीटर वळसा पडला तर माणूस घेत नाही. जाळी लावली तर ती वाकवून वाट पाडतात आणि वाकलेल्या गजांत कपडा अडकतो. आधी टिंबांचा नकाशा (प्रश्न ६), मग फट. दुभाजकात पादचाऱ्यांसाठी थांबायची जागा सोडायची असेल तर व्हीलचेअर किंवा ढकलगाडी पूर्ण मावेल अशी, दीड ते दोन मीटर खोल हवी. दुचाकी घुसू नये म्हणून खांब लावतात; त्यांतलं अंतर इतकंही कमी नको की व्हीलचेअर अडेल.

१३. सिग्नलला माणसाचा हिरवा दिवा लागतो न् लगेच विझतो. वेळ कशी ठरते?

पाऊल टाकायला सुरुवातीचे ७ सेकंद, अधिक रस्त्याची रुंदी भागिले १.२. दुभाजक धरून रस्ता साडेपंधरा मीटर असेल तर १३ सेकंद अधिक ७, म्हणजे २० सेकंद. ज्येष्ठ जास्त असतील तिथं चाल सेकंदाला ०.९५ मीटर धरावी, मग हेच तेवीस-चोवीस होतात. घड्याळ लावून मोजा आणि कमी भरलं तर वाहतूक शाखेला आकड्यांसह लिहा. दुभाजकात थांबायला जागा असेल तर दोन टप्प्यांत ओलांडण्याची वेळ कमी चालते, पण मग मधे दुसरा दिवा आणि बटण हवं.

१४. ‘फ्री लेफ्ट’वाले थांबतच नाहीत. त्यांना परवानगी असते का?

फलक किंवा हिरवा बाण असेल तरच. असला तरी वळणाऱ्यानं पादचाऱ्याला वाट द्यायचीच. डावीकडचं वळण जितकं ऐसपैस गोलाईचं, तितक्या वेगात गाडी वळते. कोपऱ्याची गोलाई आवळून फूटपाथ थोडा पुढं आणला तर वेगही उतरतो आणि ओलांडायचं अंतरही घटतं. बसचं वळण बसतंय का, हे आधी चुन्याच्या रेषा आखून बस फिरवून पाहावं.

१५. बसथांबा, वडाप, रिक्षा, गाडे: यातलं आधी काय हलवायचं?

आधी थांबा पाहा. बसथांबा क्रॉसिंगच्या पुढं, म्हणजे पट्टे ओलांडल्यावर हवा. मग उतरलेली माणसं बसच्या मागून ओलांडतात आणि त्यांना येणारी वाहनं दिसतात. थांबा अलीकडं असेल तर बस पट्टे झाकते आणि प्रश्न २ मधला सापळा तयार होतो.

वडाप (शेअर जीप) आणि रिक्षा थांबतात ते प्रवासी मिळतो तिथं, म्हणून त्यांना नुसतं हुसकावून उपयोग नाही. पट्ट्यांच्या पुढं पंधरा-वीस मीटरवर त्यांच्यासाठी आखलेली जागा द्यावी आणि पट्ट्यांच्या अलीकडचे १०-१५ मीटर खांब किंवा रुंद फूटपाथ देऊन गाड्यांना अशक्य करावेत. ‘नो पार्किंग’चा फलक एकटा काही करत नाही.

विक्रेत्यांच्या हातगाड्यांचं वेगळं आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्रेत्यांना हलवायचं तर नगर पथविक्रेता समितीमार्फत, रीतसर. चहा-वडापावचे गाडे असल्यामुळं संध्याकाळी रस्त्यावर उजेड आणि माणसांची जाग असते, हेही विसरू नये, मुलींच्या दृष्टीनं तर खासच. गाडे फूटपाथच्या कडेला एका ओळीत आणि १.८ मीटर वाट मोकळी, एवढं जमलं तरी पुष्कळ.

१६. गेटजवळ मोठं अपार्टमेंट आणि होस्टेल होतंय. रहदारीचा विचार कोण करतं?

बांधकाम परवानगी राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणं मिळते. ती डिसेंबर २०२० पासून लागू आहे. त्यात पार्किंग, समोरची जागा, रस्त्याची रुंदी तपासतात. पण ‘इथं राहणारी दोनशे मुलं रोज कुठून ओलांडणार’ हा रकाना परवानगीच्या कागदात शोधून सापडायचा नाही. म्हणून हरकत वेळेत घ्या आणि मागणी नेमकी करा: गाड्यांचं फाटक पट्ट्यांपासून दूर, फाटकाशी फूटपाथची पातळी न तोडता, आणि बांधकामाची वाळू-खडी फूटपाथवर नको. फाटकापुढं फूटपाथ उतरवून गाडीला उतार करणं ही इथली सवयच आहे. खरं तर फूटपाथ सपाट राहायला हवा आणि उतार कर्बच्या कडेला.

१७. अंध किंवा व्हीलचेअरवरच्या व्यक्तीसाठी किमान काय हवं?

दोन्ही टोकांना एकास बारापेक्षा तीव्र नसलेला उतार. उताराच्या तोंडाशी ठिपक्यांच्या फरशा (म्हणजे ‘थांबा’), फूटपाथवर रेघांच्या फरशा (‘असे पुढे चला’). या फरशा ३०० मि.मी. चौरस असतात. घोळ होतो तो बसवताना: ठिपके आणि रेघा उलटसुलट, किंवा रेघांची वाट सरळ विजेच्या खांबावर. सिग्नलला आवाजाची सोय. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचा उल्लेख अर्जात करा.

१८. महामार्ग ओलांडून गावाकडं जावं लागतं. तिथं पट्टे मागता येतील का?

नाही, आणि मागूही नयेत. तिथल्या वेगाला पट्टे म्हणजे फसवं आमंत्रण. भुयारी मार्ग किंवा पूलच हवा; असलेल्या भुयारी मार्गात पाणी आणि अंधार असेल तर राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. एखाद्या जागेला ‘अपघातप्रवण’ म्हणून नोंदवायचं तर राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजेचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू, असा निकष आहे.

१९. रात्री आणि पावसात काय वेगळं पाहायचं?

दिवा पट्ट्यांच्या डोक्यावर नको, गाडी येते त्या बाजूला थोडा अलीकडं हवा. तरच माणसाच्या अंगावर समोरून उजेड पडतो. डोक्यावरच्या दिव्याखाली माणूस काळी सावली दिसतो. पावसात थर्मोप्लास्टिकचा पट्टा गुळगुळीत होतो. दुचाकीवाल्यानं पट्ट्यांवर ब्रेक दाबू नये, आधीच दाबावा. काळा रेनकोट आणि काळी छत्री घेऊन संध्याकाळी निघणाऱ्यांनी पाठीवरच्या सॅकला परावर्तक पट्टी लावावी.

२०. महापालिका करत नाही म्हणून आम्हीच पट्टे मारले तर?

करू नका. वाहतूक चिन्हं लावण्याचा अधिकार कायद्यानं ठरलेल्या यंत्रणेलाच आहे. त्याहून मोठा धोका असा की चुकीच्या जागी, वळणाच्या तोंडाशी मारलेले पट्टे माणसाला खोटा धीर देतात. त्रिमितीय ‘हवेत तरंगणारे’ पट्टे मारायची मागणीही सारखी येते. रोजच्या चालकाला चार दिवसांत त्याची सवय होते आणि नवखा दचकून ब्रेक मारतो. तुमच्या मंडळाला हातभार लावायचाच असेल तर मोजणी करा, किंवा विद्यापीठाला पत्र द्या: मोठं फाटक एकच उघडं ठेवण्यापेक्षा टिंबांच्या पुंजक्याजवळ पायी जाणाऱ्यांसाठी छोटं दार काढणं त्यांच्याच हातात आहे, त्याला रस्त्याच्या मालकाची वाट पाहावी लागत नाही.

२१. दोन महिने झाले, अर्जाला उत्तर नाही. पुढं काय?

‘आपले सरकार’ संकेतस्थळावर तक्रार, आणि सोबत माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवसांची मुदत. प्रश्न नेमके विचारा: शेवटची आखणी कधी झाली, मोजमाप पुस्तिकेत किती चौरस मीटर नोंदलं, थराची जाडी किती, ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो. शेवटचा प्रश्न कामाचा. तो कालावधी चालू असेल तर उडालेला रंग ठेकेदारानं स्वखर्चानं मारून द्यायचा असतो, निधी नाही हे उत्तर तिथं चालत नाही. सदोष रचनेमुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ खाली जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीलाही प्रत द्या.

२२. धडक बसली तर पहिल्या तासात काय करायचं?

१०८ किंवा ११२. जखमीला सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या रुग्णालयात हलवा. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती नाही. २०२५ पासून अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळण्याची योजना आहे. गाडी पळून गेली तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर इजेसाठी ५० हजार भरपाई आहे, अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात. घटनास्थळाचे फोटो काढताना पट्टे, थांबरेषा, फलक आणि उभी वाहनं दिसतील असे काढा.

२३. पट्टे सोडून भलतीकडून ओलांडताना धडक बसली. भरपाई बुडाली का?

बुडत नाही. अपघात दावा न्यायाधिकरण दोन्ही बाजूंचा निष्काळजीपणा किती ते पाहतं आणि पादचाऱ्याच्या वाट्याएवढी रक्कम कमी करू शकतं. इथं रस्त्याची अवस्था उपयोगी पडते: पट्टे पुसलेले होते, फूटपाथवर गाड्या होत्या, जवळचं क्रॉसिंग लांब होतं, हे त्या दिवशीच्या फोटोंनी दाखवता आलं तर ‘भलतीकडून का ओलांडलं’ याचं उत्तर मिळतं. अर्ज कायद्यानुसार सहा महिन्यांच्या आत करायचा असतो, त्यामुळं एफआयआर, पंचनामा आणि उपचाराची कागदपत्रं हातात येताच वकिलाकडं जा.